दिवा उभा हलतो तेव्हा

कोयनानगरात जमीन हादरली की माणूस आधी छताकडं बघतो. छताला टांगलेला दिवा झुलत असला तर धक्का खरा. नसला तर रस्त्यावरून जड ट्रक गेला. दिव्याची खात्री झाली की दुसरा प्रश्न येतो, "किती असंल?" मग हॉटेलात बसलेली माणसं कप खाली न ठेवता आकडे सांगतात. कुणी अडीच म्हणतं, कुणी तीन. तासाभरानं मोबाइलवर खरा आकडा येतो आणि ज्याचा चुकला त्याची दिवसभर टिंगल होते.

या खेळात आक्काताई रोकडे सहसा चुकत नसत. वसाहतीतल्या शाळेत त्या शिपाई होत्या. नवरा त्याच शाळेत शिपाई होता. तो गेल्यावर त्याच्या जागी त्या लागल्या, त्याला एकोणीस वर्षं झाली. सकाळी अकरा खोल्या उघडायच्या, पाण्याच्या टाक्या भरून घ्यायच्या आणि तासाला घंटा द्यायची. घंटा म्हणजे व्हरांड्याच्या वाशाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. शेजारच्या खिळ्यावर वीतभर लांबीचा लोखंडी गज. तास संपला की एक टोला, शाळा सुटली की पाच. आणि भूकंप झाला तर न थांबता वाजवत राहायचं. तो आवाज आला की दोनशे चौदा पोरांनी दप्तरं जागेवर टाकून मैदानात यायचं, असा शाळेचा जुना नियम होता.

हा नियम आक्काताई फार मनावर घेत. त्याला कारण होतं. सदुसष्ट सालच्या भूकंपात त्यांच्या आईचं दोन वर्षांचं पोर भिंतीखाली गेलं. आक्काताईंचा जन्म त्यानंतर दहा वर्षांनी झाला. आई त्या पोराविषयी कधी बोलली नाही, पण मरेपर्यंत दाराला कडी लावून झोपली नाही. थंडीत वारा आत यायचा, कधी कुत्रं आत यायचं. कडी लागली नाही. आक्काताईंना जे कळायचं ते त्यावरून कळलं.

पहिली चूक एका ऑगस्टात झाली. दुपारी खिचडीचं वाटप झालं होतं. आक्काताई वाकून व्हरांडा झाडत होत्या. मान वर केली, तर समोरचा दिवा हलत होता. त्यांनी झाडू टाकला, गज उचलला आणि वाजवायला सुरुवात केली. दीड मिनिटात सगळी शाळा भर पावसात मैदानावर उभी. मुख्याध्यापक नानासो देसाई छत्री न घेताच बाहेर आले. शिक्षकांनी एकमेकांना विचारलं, तुम्हाला कळलं का? कुणालाच काही कळलं नव्हतं. मोबाइलवरही काही आलं नाही.

"जाऊ द्या, आक्काताई," नानासो म्हणाले. "न वाजण्यापेक्षा चुकून वाजलेली बरी."

सप्टेंबरात पुन्हा तेच झालं. या वेळी दोन-तीन पालकांनी फाटकाशी येऊन विचारलं की शाळेत रोज भूकंप होतो की फक्त गणिताच्या तासाला. आक्काताईंनी हसून घेतलं. पण मनात एक गोष्ट टोचत होती. दिवा त्यांनी डोळ्यांनी बघितला होता, आणि डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं मानायचं?

ऑक्टोबरात त्यांनी तिसऱ्यांदा घंटा वाजवली. वाजवता वाजवता त्यांची नजर सातवीच्या खिडकीतून आत गेली. वर्ग बाकांवर बसून होता. मास्तरांनी "उठा" म्हटलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आक्कांचा भूकंप हाय." वर्ग हसला. तीन-चार पोरं उठली, बाकीची वह्यांत डोकं घालून बसली.

आक्काताईंचा हात थांबला. त्या गज घेऊन सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या आणि तो टेबलावर ठेवला.

"ह्यो कपाटात ठेवा, सर."

"अहो, झालं काय?"

"पोरं उठली न्हाईत," आक्काताई म्हणाल्या. "माज्यामुळं उठली न्हाईत. खरा आला तर काय करायचं?"

नानासोंनी वाद घातला नाही. त्यांना तीच काळजी होती, फक्त बोलून दाखवायची नव्हती. गज कपाटात गेला, कुलूप लागलं. पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या खोलीत बटणाची विजेची घंटा बसली. रुळाचा तुकडा वाशाला तसाच टांगलेला राहिला, चिमण्या त्यावर बसू लागल्या.

आक्काताईंना नोकरीची भीती नव्हती, झाडू आणि किल्ल्या त्यांच्याकडंच होत्या. पण व्हरांड्यातून जाताना त्या रिकाम्या खिळ्याकडं बघायचं टाळत. एकोणीस वर्षांत त्यांच्याकडं एकच जोखमीचं काम होतं, आणि ते त्यांना जमेनासं झालं होतं.

तोवर नजरेतही काहीतरी बिघडल्याचं जाणवू लागलं होतं. ताटात तांदूळ निवडायला घेतले की दाणे उड्या मारत. जिना चढताना काही वाटत नसे, उतरताना मात्र पायऱ्या सरकत. त्या पाय फाकवून चालू लागल्या. पाटणच्या स्टँडवर एक कंडक्टर म्हणाला, "मावशी, दमानं. गाडी हलल्यावर हला, आदीच नका हलू." गाडीत बसलेली माणसं हसली. आक्काताई खिडकीजवळ बसल्या आणि पाटण ते कोयनानगर डोळे मिटून आल्या. डोळे मिटले की बरं वाटे. हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ लागला नव्हता.

मुलगी आम्रपाली साताऱ्याला एमआयडीसीतल्या कारखान्यात यंत्राचे सुटे भाग तपासायच्या कामावर होती. तिनं आईला आपल्याकडं नेलं. एका डॉक्टरांनी चक्कर येते म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी कान तपासले, कान ठणठणीत निघाले. तिसरीकडं चष्म्याचा नंबर बदलला. नव्या चष्म्यातून दिवा अगदी स्वच्छ दिसू लागला. आता तो स्वच्छ हलताना दिसे. चौथे डोळ्यांचे डॉक्टर जरा वयस्कर होते. त्यांनी चष्म्याचं यंत्र बाजूला सारलं, आक्काताईंना नुसतंच खाली बघायला सांगितलं, बराच वेळ निरखलं आणि मिरजेच्या एका मेंदूविकारतज्ज्ञ बाईंच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. "दुखणं डोळ्यांत दिसतंय," ते म्हणाले, "पण डोळ्यांचं नाही."

डॉ. सोनिया बंडगर मूळच्या जत तालुक्यातल्या. वडिलांची मेंढरं होती, लहानपण कळपामागं फिरण्यात गेलं. मिरजेत दवाखाना टाकून बारा वर्षं झाली तरी बोलणं तसंच राहिलं होतं. त्यांनी आधीच्या सगळ्या फायली बाजूला ठेवल्या.

"आक्का, मला सांगा, काय दिसतं तुमाला?"

"दिवा हलतोय."

"कसा हलतो? झुलतो का उडतो?"

आक्काताई विचारात पडल्या. हा प्रश्न आजवर कुणी केला नव्हता, त्यांनी स्वतःलाही केला नव्हता. "उडतो," त्या सावकाश म्हणाल्या. "जाग्यावरच. वर-खाली."

"आनि भूकंपात?"

"भूकंपात झुलतो. आडवा." एवढं बोलून त्या थांबल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "आगं बया. मला कळाय पायजे हुतं की."

"कसं कळंल? डोळे मिटा बरं. आता?"

"थांबलं."

"डोळे मिटल्यावर भूकंप थांबतो का?"

"न्हाई," आक्काताई म्हणाल्या, आणि गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदा आम्रपाली मोठ्यानं हसली.

डॉक्टरांनी जाड भिंगांचा एक चष्मा आक्काताईंना घातला आणि मोबाइलवर त्यांच्या डोळ्यांचं चित्रण घेऊन त्यांनाच दाखवलं. बुबुळं हळूच वर सरकत होती, मग झटक्यात खाली येत होती. पुन्हा वर, पुन्हा झटका. खाली किंवा बाजूला बघितलं की वेग वाढे. दिवा जागच्या जागी होता. त्याला बघणारे डोळे हलत होते.

"ह्ये माजं डोळं?" आक्काताई म्हणाल्या. "भेदरल्या शेरडागत दिसत्यात."

"शेरडाची बाहुली आडवी आसती," डॉक्टर म्हणाल्या. "मी शेकड्यानं बघितल्यात. तुमचं येगळं हाय."

मेंदूचा फोटो निघाला, त्यात काही सापडलं नाही. शरीरात कुठं गाठ लपलेली नाही ना, हेही तपासून झालं. रक्त बाहेर पाठवलं. अकरा दिवसांनी अहवाल आला. डोळे जागेवर धरून ठेवायचं काम मानेच्या वर असलेला लहान मेंदू करतो. त्या मेंदूला ज्या रसायनावर चालावं लागतं, ते बनवणाऱ्या पदार्थाविरुद्ध आक्काताईंच्याच रक्तानं हत्यार उपसलं होतं. डॉक्टरांनी हे त्यांना आपल्या पद्धतीनं सांगितलं.

"कळपाबरोबर कुत्रं आसतंय का न्हाई? लांडग्यासाठी पाळलेलं. ते कवा कवा बिघडतं आनि कोकराला चावाय लागतं. तुमच्या अंगातलं कुत्रं बिघडलंय. थायरॉइडची गोळी घेता न्हवं? ती बी त्याचीच करणी."

"मग मारायचं त्येला?"

"मारून कसं चालंल? लांडगा हायच की. आवरायचं."

उपचार दोन बाजूंनी होता. एक, कुत्रं आवरायचा. पाच दिवस दवाखान्यात राहून सलाइनमधून स्टेरॉइड, आणि मग दर सहा महिन्यांनी एक दिवस येऊन शिरेतून दुसरं औषध घ्यायचं. दोन, डोळ्यांसाठी एक छोटी गोळी, दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं. तिच्याआधी मूत्रपिंडाची तपासणी झाली. "एक येळ चुकली तर चुकली," डॉक्टरांनी बजावलं, "दुसऱ्या येळंला दोन घ्यायच्या न्हाईत. फिट येईल." आम्रपालीनं ते वाक्य डब्याच्या झाकणावर लिहून ठेवलं.

पाचव्या दिवशी आक्काताईंनी विचारायचं ते विचारलं. "पुन्ना घंटा वाजवता यील का मला?"

डॉक्टरांना आधी घंटा म्हणजे काय ते समजेना. आक्काताईंनी सगळं सांगितलं. रूळ, गज, सातवीचा वर्ग.

"डोळे पुरते थांबतील आसं मी म्हनत न्हाई," डॉक्टर म्हणाल्या. "निम्म्यावर आले तरी लय झालं. पन तुमाला भूकंप कळायला डोळे कशाला पायजेत? तुमी दिव्याचा नाद सोडा. हलल्यागत वाटलं की डोळे मिटायचे आनि हात भिंतीला लावायचा. हाताला कळलं तर खरं. आनि ल्हून ठेवा, मला औषध कमी-जास्त करायला लागंल."

सलाइननंतर तीन आठवडे काहीच फरक पडला नाही. आक्काताईंचं तोंड सुजलं, साखर वाढली, झोप उडाली. आक्काताई कोयनानगरला परतल्या होत्या; आम्रपाली फोनवर रोज विचारी आणि आक्काताई रोज "हाय तसंच" म्हणत. छोटी गोळी सुरू झाल्यावर मात्र पाचव्या-सहाव्या दिवशी ताटातले तांदूळ जरा स्थिर बसले. पूर्ण नाही, उड्या मारायचे ते आता नुसते थरथरू लागले.

डोळे थोडे वर धरले की ती थरथरही कमी होते, हे त्यांना डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं. म्हणून आक्काताई हनुवटी खाली घेऊन, कपाळ पुढं काढून चालू लागल्या. विळी सोडली आणि उंच ओट्यावर सुरीनं भाजी चिरायला शिकल्या. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा खिचडी शिजवणाऱ्या अंबूबाईंनी त्यांना फाटकातून येताना बघितलं.

"आगं आगं! शिंगं उगारून कुनावर निगालीस?"

"तुज्यावरच," आक्काताई म्हणाल्या. "खिचडी करपीवलीस तर."

पहिल्याच दिवशी त्या नानासोंकडं गेल्या. गज मागितला नाही, एक वही दाखवली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पानाच्या मधोमध रेघ मारलेली होती. डावीकडं लिहिलं होतं 'डोळा', उजवीकडं 'भुई'. हलल्यासारखं वाटलं की आक्काताई डोळे मिटून हात भिंतीला लावत आणि जिकडचं असेल तिकडं तारीख-वेळ मांडत.

"भुई एकदाच आहे," नानासो म्हणाले.

"मे म्हयन्यातला. दोन पूर्णांक सात. आम्रपालीनं मोबाइलवर बघून सांगितलं."

"तुम्ही किती म्हणाला होतात?"

"अडीच."

नानासोंनी वही परत दिली. "बघू," ते म्हणाले. "घाई नको. पोरांचा विश्वास एकदा गेलाय. चौथ्यांदा चुकली तर ती घंटा भंगारात घालावी लागंल."

त्यांचं बोलणं बरोबर होतं आणि आक्काताईंनाही ते पटलं. मात्र त्या दिवसापासून व्हरांड्यातून जाताना त्या रिकाम्या खिळ्याकडं बघू लागल्या. वहीत डावीकडचे आकडे हळूहळू विरळ झाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात चौदा नोंदी होत्या, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तीन. उजवीकडं जुलैत आणखी एक भर पडली, तीही मोबाइलशी जुळली. पण ते दोन्ही धक्के शाळा सुटल्यावर बसले होते. शाळेत कुणी आक्काताईंना अजमावलं नव्हतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी, सकाळपासून वीज नव्हती. राज्याला वीज देणाऱ्या गावात वीज जाणं ही रोजचीच गोष्ट असल्यामुळं कुणी तक्रार केली नाही. विजेची घंटा बंद म्हणून नानासो स्वतः व्हरांड्यात येऊन तोंडानं "तास संपला" म्हणत होते. दुपारी पावणेदोनला खिचडीची पातेली घासायला निघाली. आक्काताई वाढायचं लोखंडी उलथनं अंबूबाईंच्या हातात देत होत्या, तेवढ्यात त्यांना वाटलं, काहीतरी आहे.

त्यांनी दिव्याकडं बघितलं नाही. डोळे मिटले. डावा हात व्हरांड्याच्या खांबाला टेकवला.

"काय गं, चक्कर आली?" अंबूबाईंनी विचारलं.

"गप."

खोल कुठंतरी जात्याचा दगड फिरावा तसा आवाज होता. कानाला तो आहे की नाही अशी शंका यावी इतका बारीक. पण खांबातून तो हाताला लागत होता. हात खरा बोलतो की हातही आता डोळ्यांसारखा फितूर झालाय? चूक झाली तर चौथी चूक. रूळ भंगारात जाईल, आणि पुढं कधीही, खरंच भिंती पडायला लागल्या तरी, आक्काताई रोकडेंनी हाक दिली म्हणून एकही पोर जागचं हलणार नाही. हा सगळा विचार त्यांच्या मनात आला. तो पुरा व्हायच्या आत त्यांनी अंबूबाईंच्या हातातलं उलथनं परत ओढून घेतलं होतं आणि त्याचा दांडा रुळावर पडत होता. एक, दोन, तीन, चार, न थांबता.

नानासो खोलीतून धावत बाहेर आले. सवयीप्रमाणं त्यांनी वर बघितलं. दिवा स्थिर होता.

"आक्काताई!" ते ओरडले. "थांबा! अहो, दिवा—"

मग दिवा झुलला. आडवा. पत्रे खडखडले, खिडक्यांच्या काचा वाजल्या, घासायला काढलेली पातेली एकमेकांवर आपटली. पाचवी-सहावीची पोरं दारातून बाहेर पडलेली होती. गेल्या वर्षीची सातवी आता आठवीत होती. तो वर्ग जरा रेंगाळला, पण धक्का सुरू झाला तेव्हा निम्म्याहून जास्त वर्ग व्हरांड्याच्या पायऱ्या उतरत होता आणि उरलेला त्यांच्या पाठोपाठ आला. कुणी ढकलाढकली केली नाही. धक्का सात-आठ सेकंदांत संपला. एका खोलीतला जुना नकाशा खिळ्यासकट खाली आला. बाकी काही झालं नाही.

आक्काताई अजून वाजवत होत्या. डोळे मिटलेलेच होते. अंबूबाईंनी त्यांचा दंड धरला.

"बास कर की गं आता. माजं उलथनं वाकीवलंस."

मैदानात पोरांची मोजदाद झाली, गैरहजर वगळून सगळी भरली. आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "आक्का, किती असंल?"

"सव्वातीन," आक्काताई म्हणाल्या.

मोबाइलवर तीन पूर्णांक दोन आला. त्या मुलीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा शिक्षकांपैकी कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली.

पोरं वर्गात परतल्यावर नानासो आपल्या खोलीत गेले. कुलूप उघडल्याचा आवाज आला. ते गज घेऊन बाहेर आले आणि आक्काताईंपुढं धरला.

"मी दिव्याकडं बघितलं," ते म्हणाले.

"सगळीच बघत्यात, सर."

"तुम्ही नाही बघितलं."

"माजा दिव्यावर भरवसा न्हाई," आक्काताई म्हणाल्या. "डॉक्टरीन बाईंनी नाद सोडाय सांगितलाय." त्यांनी गज घेतला आणि खिळ्याकडं गेल्या. खिळा कमरेच्या उंचीवर होता. त्यांना खाली बघावं लागलं आणि खिळा थरथरू लागला. हात चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. नानासो बघत होते, पण मदतीला पुढं झाले नाहीत, कारण आक्काताईंनी मागितली नव्हती.

"हितं न्हाई जमायचं," त्या म्हणाल्या. "हातुडी हाय का?"

हातोडी आली. आक्काताईंनी जुना खिळा उपसला आणि नवा आपल्या कपाळाच्या उंचीवर ठोकला. हनुवटी खाली घेऊन, कपाळ पुढं काढून. तिथं नजर बऱ्यापैकी स्थिर राहते.

आक्काताई दर सहा महिन्यांनी मिरजेला जातात, दिवसभर सलाइन घेतात आणि संध्याकाळच्या गाडीनं आम्रपालीकडं साताऱ्याला येतात. वही बरोबर असते. डावी बाजू अजून कोरी झालेली नाही; होईल असं डॉ. बंडगर म्हणत नाहीत, आणि आक्काताईही आता विचारत नाहीत. जिना उतरताना कठडा धरतात. शाळेतली विजेची घंटा तासाला वाजते. रुळाला त्या फक्त सोमवारी सकाळी एक टोला देतात, आवाज आहे ना हे बघायला. त्या वेळी पाचवीत नव्यानं आलेलं एखादं पोर दचकून वर दिव्याकडं बघतं.

"वर नगं बघू," आक्काताई त्याला सांगतात. "हात लाव भिंतीला."